उंबरठ्यापलीकडचे संशोधन

निवृत्तीनंतरच्या आयुष्याचे नियोजन म्हटले की निवृत्तिवेतन, मुदत ठेवी, आरोग्यविमा आणि डोक्यावरचे हक्काचे छप्पर या गोष्टींचा विचार प्रथम होतो, आणि तो योग्यच आहे. मात्र त्या छपराखालून बाहेर पडून कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत, देवळापर्यंत, बागेपर्यंत किंवा बँकेच्या शाखेपर्यंत स्वतःच्या पायांनी जाता येईल की नाही, हा प्रश्न नियोजनाच्या कोणत्याही तक्त्यात आढळत नाही. सत्तरीनंतर माणसाचे स्वातंत्र्य खात्यातील शिलकीवर जितके अवलंबून असते, तितकेच ते घराबाहेरच्या पहिल्या शंभर पावलांवर अवलंबून असते. ही शंभर पावले कशी असावीत, हा पीएच.डी.च्या संशोधनाचा विषय होऊ शकतो, याची कल्पना पुष्कळांना नसते. भारतातील तरुण अभ्यासकांनी या विषयाकडे वळण्याची, आणि समाजाने त्यांना साथ देण्याची वेळ आता आली आहे.

वाढते वय, आक्रसते अंगण

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या १०.३८ कोटी होती. अधिकृत अंदाजानुसार २०३१ पर्यंत ती १९ कोटींच्या पुढे जाईल, तर संयुक्त राष्ट्रसंघाच्या लोकसंख्या निधीने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०५० साली दर पाच भारतीयांपैकी एक जण साठीच्या पुढचा असेल. म्हणजे आज बँकेत नव्याने रुजू होणारा तिशीतील कर्मचारी ज्येष्ठ नागरिक होईल, तेव्हाचा देश वयाच्या दृष्टीने आजच्यापेक्षा अगदी वेगळा असेल.

या बदलाची चाहूल बँकिंग क्षेत्राला लागलेली आहे. सत्तर वर्षांवरील ग्राहकांना घरपोच सेवा देण्याबाबत रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये सूचना दिल्या. हयातीच्या दाखल्यासाठी दर नोव्हेंबरात शाखेत लागणारी रांग २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘जीवन प्रमाण’ योजनेमुळे पुष्कळ कमी झाली, आणि चेहऱ्याच्या ओळखीवरून दाखला देण्याची सोय २०२१ पासून झाल्यामुळे आता तो घरातल्या खुर्चीत बसूनही देता येतो. किराणा, औषधे, वीजबिल, सारेच दारात किंवा मोबाईलवर येऊन ठेपले आहे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांसाठी ही सेवा वरदानच आहे, यात शंका नाही.

परंतु या सोयीची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. पासबुक भरून घेण्याच्या निमित्ताने होणारा फेरफटका, रांगेत भेटणारे जुने सहकारी, परतताना घेतलेली भाजी, हा सारा व्यवहार वृद्धांच्या दिनक्रमाचा आधार असतो. बाहेर जाण्याचे कारण संपले की बाहेर जाणेही हळूहळू थांबते. चालणे थांबले की स्नायू दुबळे होतात, तोल सांभाळणे अवघड होते, पडण्याची भीती वाढते आणि त्या भीतीपोटी माणूस आणखी घरात बसतो. सेवा घरी पोहोचवण्यात यश मिळत असताना माणसाला घराबाहेर नेणारी वाट दुर्लक्षित राहणे, ही मोठी विसंगती आहे.

सर्वसमावेशक रचना म्हणजे काय?

अपंग व्यक्तींसाठी स्वतंत्र सोयी करण्याऐवजी मुळातच सर्वांना वापरता येईल अशी रचना करावी, हा विचार अमेरिकन वास्तुरचनाकार रोनाल्ड मेस यांनी मांडला. बालपणी पोलिओ झाल्यामुळे ते स्वतः चाकांची खुर्ची वापरत. त्यांनी या विचाराला ‘युनिव्हर्सल डिझाइन’ हे नाव दिले, आणि त्यांच्या सहभागाने १९९७ मध्ये नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठात त्याची सात तत्त्वे तयार झाली. ब्रिटनमध्ये हाच विचार ‘इन्क्लुसिव्ह डिझाइन’ म्हणजे सर्वसमावेशक रचना या नावाने रुजला.

इमारतींच्या आत या विचाराचा प्रवेश तुलनेने लवकर झाला. उद्वाहक, कठडे, रुंद दरवाजे यांची मापे ठरली. इमारतीबाहेरचा परिसर मात्र गुंतागुंतीचा आहे. तेथे ऊन, पाऊस, वाहने, फेरीवाले, झाडांची मुळे आणि गटारांची झाकणे आहेत. शिवाय त्याची मालकी एकाकडे नाही. पदपथ पालिकेचा, विजेचा खांब वीजमंडळाचा, सिग्नल वाहतूक विभागाचा आणि दुकानासमोरची पायरी दुकानदाराची. त्यामुळेच बाह्यपरिसराच्या अभ्यासाला वास्तुशास्त्र, अभियांत्रिकी, वैद्यक, समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र यांची एकत्र जोड लागते.

जगातील अभ्यासांचे दाखले

या विषयाचे बळ काही परदेशी अभ्यासांवरून ध्यानात येते. जपानमधील टोकियो शहरात ३,१४४ वृद्धांची पाच वर्षे नोंद ठेवून केलेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या घराजवळ चालता येण्याजोग्या हिरव्या जागा व झाडांच्या सावलीचे रस्ते होते, त्यांच्यात त्या पाच वर्षांनंतर हयात राहण्याचे प्रमाण अधिक आढळले. वय, लिंग, वैवाहिक व आर्थिक स्थिती यांचा परिणाम वेगळा काढल्यानंतरही हा संबंध टिकून राहिला.

इंग्लंडमधील अभ्यास रस्ता ओलांडण्याविषयी होता. वाहतूक अभियांत्रिकीत पादचारी सेकंदाला १.२ मीटर चालतो असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. पासष्ट वर्षांवरील व्यक्तींची प्रत्यक्ष गती मोजली, तेव्हा पुरुषांची सरासरी ०.९ मीटर आणि स्त्रियांची ०.८ मीटर भरली. हे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचा अर्थ साध्या गणिताने कळतो. चौदा मीटर रुंदीचा रस्ता ओलांडण्यास गृहीत गतीने सुमारे बारा सेकंद लागतात. त्याच बारा सेकंदांत ०.८ मीटर गतीने चालणारी आजी साडेनऊ मीटरच पार करते. उरलेले साडेचार मीटर तिला सुटलेल्या वाहनांसमोरून जावे लागते. सिंगापूरने २००९ मध्ये यावर एक उपाय आणला. ज्येष्ठांनी आपले सवलतीचे कार्ड सिग्नलच्या खांबावरील यंत्राला लावले की हिरवा दिवा तीन ते तेरा सेकंद अधिक काळ टिकतो.

या दिशेने सलग आणि सहकार्याने कसे काम करावे, याचा नमुना ब्रिटनमध्ये सापडतो. ‘घराबाहेर पडता यावे यासाठी सर्वसमावेशक रचना’ अशा अर्थाचे नाव धारण केलेला, ‘आयडीगो’ या संक्षेपाने ओळखला जाणारा प्रकल्प तेथे २००४ मध्ये सुरू झाला. एडिंबरो, सॅल्फर्ड आणि ऑक्सफर्ड ब्रुक्स येथील संशोधनकेंद्रे त्यात एकत्र आली आणि अभियांत्रिकी व भौतिक विज्ञान संशोधन परिषदेने निधी पुरवला. २००७ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात त्यांनी तीन अगदी साधे वाटणारे विषय घेतले: दृष्टिहीनांसाठी बसवलेल्या उठावाच्या फरशा वृद्धांच्या पायांना कशा वाटतात, निवासी गल्ल्यांची फेररचना केल्यावर ज्येष्ठांच्या बाहेर पडण्यात काय फरक पडतो, आणि घरालगतची बाग, गच्ची वा अंगण यांचा त्यांच्या स्वास्थ्याशी काय संबंध आहे. फरशी, गल्ली आणि अंगण यांवर विद्यापीठांनी वर्षानुवर्षे परिश्रम घ्यावेत, यातच या विषयाचे महत्त्व दिसून येते.

उसनी मापे आणि देशी पावले

भारतात नियमांची वानवा नाही. भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथावर चालण्यास किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. अडथळाविरहित परिसरासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये तयार केलेल्या तत्त्वांच्या शीर्षकातच अपंगांबरोबर वृद्धांचाही उल्लेख होता. त्यांची सुधारित आवृत्ती २०२१ मध्ये आली. न्यायालयांनीही याची दखल घेतली आहे. हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठाच्या अहवालाचा आधार घेत सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी असे स्पष्ट केले की, सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशींच्या स्वरूपात ठेवणे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याशी विसंगत आहे. काही निकष बंधनकारकच असले पाहिजेत. पुढे मे २०२५ मध्ये पादचाऱ्यांचा पदपथावरील हक्क हा संविधानाच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचेही याच न्यायालयाने सांगितले.

निकष बंधनकारक करावयाचे म्हटले की पुढचा प्रश्न उपस्थित होतो: ते निकष कोणाच्या मापाने ठरवावयाचे? नऊवारी किंवा पाचवारी नेसलेल्या, पायांत चप्पल आणि हातात पिशवी असलेल्या भारतीय वृद्धेची चाल ही बूट घातलेल्या इंग्रज वृद्धेच्या चालीसारखी असेलच असे नाही. लंडनच्या थंडीत बाकाला ऊन हवे असते, नागपूरच्या मे महिन्यात त्याच बाकाला सावली हवी असते. उसन्या मापांनी शिवलेला अंगरखा जसा अंगाला नीट बसत नाही, तशीच या मापांची गत आहे.

शिवाय एक उपाय दुसऱ्याच्या आड येतो, हाही अनुभव शहराशहरांतून येतो. दुचाकी वर चढू नयेत म्हणून पदपथाच्या तोंडाशी खांब रोवले जातात. त्यातून दुचाकी कधीकधी निसटते, पण चाकांची खुर्ची अडकते. पावसाचे पाणी चढू नये म्हणून पदपथ उंच बांधला जातो. मग प्रत्येक फाटकापाशी उतरणे आणि पुन्हा चढणे नको म्हणून गुडघे दुखणारा वृद्ध रस्त्यावरूनच चालू लागतो. पदपथ रिकामा आणि आजोबा वाहनांच्या गर्दीत, हे दृश्य निष्काळजीपणाचे नसून सदोष रचनेचे असते.

संशोधनाला खुली क्षेत्रे

पीएच.डी.साठी विषय शोधणाऱ्यापुढे येथे अक्षरशः मोकळे रान आहे. वेगवेगळ्या हवामानाच्या शहरांत ज्येष्ठांच्या चालण्याच्या गतीचे मापन हा पहिला विषय. दोन बाकांमधील अंतर किती असावे, बाकाची उंची किती, आणि उठताना टेकू देणारे हात त्याला असावेत की नसावेत, हा दुसरा. या दुसऱ्या विषयात भारताचा स्वतःचा वारसाही आहे. महाराष्ट्रातील वडाचा पार आणि कट्टा, गुजरातमधील ओटला, उत्तरेतील चबुतरा, तमिळनाडूतील घरापुढची तिण्णै, या सर्व रचनांनी थकलेल्या पायांना आणि बोलक्या जिभांना पिढ्यान्‌पिढ्या आसरा दिला. रस्तारुंदीत आणि नव्या गृहसंकुलांत त्यांची जागा कशाने घेतली, याचा पद्धतशीर अभ्यास झाला पाहिजे.

तिसरा विषय उष्णतेचा. २०१० च्या तीव्र उष्णलहरीनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा अमलात आणला. दक्षिण आशियातील तो पहिला मानला जातो. उन्हाळ्यात वृद्धांना बाहेर पडणे कोणत्या वेळी आणि कोणत्या सावलीत सुरक्षित आहे, या प्रश्नाचे उत्तर आरोग्य आणि नगररचना यांच्या सांध्यावर मिळेल. चौथा विषय स्वच्छतागृहांचा आहे. वाटेत स्वच्छ, पायऱ्या नसलेले स्वच्छतागृह नसेल, तर अनेक वृद्ध, विशेषतः स्त्रिया, पाणी कमी पिऊन तरी बाहेर पडतात किंवा बाहेर पडणेच टाळतात. हा विषय संकोचामुळे बोलला जात नाही, म्हणूनच तो संशोधकाने हाती घ्यावा.

वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठीही येथे महत्त्वाचे काम आहे. पदपथाच्या दुरुस्तीचा खर्च पालिकेच्या अंदाजपत्रकात दिसतो. तुटक्या फरशीवर पडून मोडलेल्या मांडीच्या हाडाचा खर्च मात्र कोणत्याच सार्वजनिक हिशेबात दिसत नाही. तो मुदतपूर्व मोडलेल्या ठेवीत, मुलाच्या बिनपगारी रजेत आणि सुनेच्या सोडलेल्या नोकरीत विखुरलेला असतो. हा खर्च एकत्र मांडून रचनेवरील खर्चाशी त्याची तुलना करणारा प्रबंध लिहिला गेला, तर तो अर्थसंकल्प तयार करणाऱ्यांना भावनिक आवाहनापेक्षा अधिक पटेल.

संधी कोठे आहेत?

दिल्लीतील नियोजन व वास्तुकला विद्यालय, अहमदाबादचे सेप्ट विद्यापीठ, खरगपूर व रुरकी येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थांचे वास्तुकला व नियोजन विभाग, मुंबई आयआयटीचे डिझाइन केंद्र येथे रचनेच्या अंगाने पीएच.डी. करता येते. मुंबईतील टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था येथे समाज व लोकसंख्येच्या अंगाने हाच विषय हाताळता येईल. लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या वार्धक्यविषयक दीर्घकालीन पाहणीची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली. तीत पंचेचाळीस वर्षांवरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक जणांची माहिती गोळा झाली. साठीपुढील व्यक्तींच्या चालण्याच्या गतीचाही तीत समावेश आहे. ही सामग्री अभ्यासकांना उपलब्ध करून दिली जाते. म्हणजे नव्या संशोधकाला शून्यापासून प्रारंभ करावा लागणार नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पीएच.डी.चा कालावधी किमान तीन आणि कमाल सहा वर्षांचा आहे. नोकरी करणाऱ्यांना कार्यालयाचे ना-हरकत पत्र घेऊन अर्धवेळ संशोधनही करता येते. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये झाली आहे. सामाजिक शास्त्रांसाठी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. परदेशात जाऊ इच्छिणाऱ्या, अनुसूचित जाती व अन्य काही वंचित घटकांतील विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती पीएच.डी.लाही लागू आहे. ब्रिटनमधील शासकीय संशोधन निधीच्या विद्यावृत्तींचा एक भाग २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांनाही खुला झाला आहे. अर्ज करण्यापूर्वी चालू वर्षाच्या अटी तपासून घेणे मात्र आवश्यक आहे.

या संशोधनासाठी प्रयोगशाळाही दूर शोधावी लागत नाही. महाराष्ट्रातील ज्येष्ठ नागरिक संघ ‘फेस्कॉम’ या महासंघाच्या छत्राखाली संघटित आहेत. इंदूर, वडोदरा, हैदराबाद, बेंगळुरू येथील महाराष्ट्र मंडळांतही ज्येष्ठ सभासद असतात. वडोदऱ्यात सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये उभारलेल्या सयाजीबागेपर्यंत जुन्या वस्तीतील ऐंशी वर्षांच्या व्यक्तीला किती अडथळे पार करून जावे लागते, याची मोजदाद हासुद्धा एका प्रबंधाचा प्रकरणविषय होऊ शकेल. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ज्येष्ठस्नेही शहरांविषयी प्रसिद्ध केलेली मार्गदर्शिका ३३ शहरांतील वृद्धांशी बोलून तयार झाली होती, आणि त्यांत नवी दिल्ली व उदयपूर ही दोन भारतीय शहरे होती. वृद्धांना प्रश्न विचारून मापे ठरवण्याची ही रीत पुढे न्यायला हवी.

प्रबंध आणि पदपथ

यावर असा आक्षेप घेतला जातो की पदपथ दुरुस्त करण्यास सिमेंट आणि इच्छाशक्ती लागते, पीएच.डी. कशाला हवी? आक्षेपात तथ्य आहे. उखडलेली फरशी बसवण्यासाठी कोणी प्रबंधाची वाट पाहू नये. अतिक्रमण हटवण्यासाठीही नाही. पण इच्छाशक्ती असूनही चूक कशी होते, हे चढायला अशक्य अशा उभ्या उतरंडी आणि थेट झाडाच्या बुंध्यावर जाऊन आदळणाऱ्या पिवळ्या फरश्या दाखवून देतात. खर्च झाला, हेतूही चांगला होता; अभाव होता तो वापरणाऱ्याविषयीच्या ज्ञानाचा. असे ज्ञान ठेकेदाराच्या निविदेतून येत नाही. ते वृद्धांबरोबर चालून, मोजून, नोंदवून आणि पुन्हा तपासूनच मिळते, आणि त्यासाठी चार-पाच वर्षांची चिकाटी लागते.

बँकांनीही या कामी आपला वाटा उचलावा. शाखेची जागा निवडताना समोरचा पदपथ, पायऱ्यांची संख्या, कठडा आणि आत शिरल्यावर टेकायला खुर्ची यांचा विचार भाड्याच्या दराइतक्याच गांभीर्याने व्हावा. एखादा संशोधक शाखेबाहेर ज्येष्ठ ग्राहकांच्या ये-जा करण्याची नोंद करू इच्छित असेल, तर ग्राहकांची खासगी माहिती सांभाळून त्याला सहकार्य द्यावे. ज्येष्ठ ग्राहकांनीही आपल्या अडचणींना ‘वयाचा दोष’ म्हणून गप्प न बसता त्या सांगाव्यात. संशोधनाच्या दृष्टीने ती मोलाची सामग्री आहे. आणि घरात पदव्युत्तर शिक्षण घेणारी नात किंवा नातू प्रबंधाचा विषय शोधत असेल, तर त्याला एकदा आपल्याबरोबर बाजारापर्यंत चालत न्यावे.

ठेव जशी आज ठेवली तरच उद्या परिपक्व होते, तसेच ज्ञानाचेही आहे. २०५० साली जे साठीपलीकडे असतील, ते आज कामावर आहेत आणि त्यांची पावले अजून वेगाने पडत आहेत. ती मंदावण्यापूर्वी वाट तयार व्हायची असेल, तर तिचे मोजमाप आजच सुरू झाले पाहिजे.